तळातली सूचना

ऐन छाटणीच्या हंगामात घरची सून बागेकडं पाठ करून कॉम्प्युटरपुढं बसते, हे बायडाबाईंना पटत नव्हतं, आणि न पटलेलं पोटात ठेवायची त्यांना सवय नव्हती. शेजारच्या लताबाईला सांगून झालं, दूधवाल्याला सांगून झालं, बांधावरून जाणाऱ्यालाही थांबवून सांगून झालं. आमची प्रतिभा बाग लावते, पण काचेत लावते म्हणे. तिथं ना पाणी लागतं ना मजूर. स्वयंपाक उरकला की बाई त्या डब्यापुढं. हाक मारली की "आले, आले," आणि येते ती भाजी करपल्यावर.

प्रतिभा नाशिक शहरातली. लग्नाआधी कॉलेज रोडला कसला तरी क्लास केलेला, वेबसाइट बनवायचा. हुंड्यात भांडीकुंडी आणली असती तर चार बायकांना दाखवता आली असती. हिनं आणला कॉम्प्युटर. पिंपळगावपासून दोन कोसांवरच्या या मळ्यात दोन हजार तीन साली तो दुसऱ्या कुणाकडं नव्हता. पंचक्रोशीतल्या द्राक्ष बागायतदारांच्या मंडळानं हे हेरलं आणि प्रतिभाला काम दिलं: छाटणीपासून काढणीपर्यंत कधी काय करायचं, कुठलं औषध किती मारायचं, काय काळजी घ्यायची, ते सगळं एका पानावर आण. पिंपळगावच्या सायबर कॅफेत जाऊन कुणीही ते उघडून बघेल. कमी शिकलेल्यालाही कळलं पाहिजे, असं अध्यक्षांनी चार वेळा बजावलं. आणि वर द्राक्षांचे घड दिसले पाहिजेत, असंही पाच वेळा बजावलं.

कमी शिकलेल्याला कळतं की नाही ते बघायचं तर कमी शिकलेलं माणूस हवं. प्रतिभानं एका दुपारी सासूला खुर्चीत बसवलं.

आता इथं एक गोष्ट सांगायला हवी, जी त्या घरात कुणालाच ठाऊक नव्हती. बायडाबाईंची शाळा दुसरीत सुटली होती. सही करता येत होती. एसटीची पाटी त्या पहिल्या अक्षरावरून आणि ड्रायव्हरच्या तोंडावरून ओळखायच्या. रोज सकाळी चष्मा लावून पेपर समोर धरायच्या तो फोटो बघायला. बातम्या त्या अंगणात येणाऱ्या-जाणाऱ्यांकडून काढून घ्यायच्या आणि संध्याकाळी मुलाला अशा ऐकवायच्या, की वाटावं अग्रलेखसुद्धा यांनी सोडला नाही. नवरा गेल्यावर आठ एकराची बाग एकटीनं उभी केलेली बाई. बँकेचा साहेब दारात आला तरी ती बाजेवरून उठायची नाही. अशा बाईनं सुनेपुढं अक्षर लावत बसायचं?

पडद्यावर घड झुलत होते. त्यांच्याखाली एक ओळ उजवीकडून डावीकडं पळत होती. बायडाबाईंनी 'सु' पकडला तोवर बाकीची ओळ पळून गेली. त्याच्याखाली मुंग्यांच्या रांगांसारखी अक्षरं. त्यांनी 'छा' लावला, 'ट' लावला, 'णी' लावली आणि पुढचं सोडून दिलं. छाटणी काय ती मला शिकवणार का, असं मनाला सांगितलं.

प्रतिभानं विचारलं, समजतंय ना? त्या म्हणाल्या, न समजायला काय झालं, तीस वर्षं बाग करतेय. प्रतिभानं पान झरझर खाली सरकवलं, पार तळाला नेलं. तिथं फिक्या पिवळ्या रंगात बारीक सूचना होत्या, ओळीनं सात-आठ. शेवटपर्यंत वाचलंत का, आत्याबाई? बायडाबाईंनी चष्मा नाकावर नीट केला, पडद्याकडं चांगलं दहा आकडे मोजण्याइतका वेळ पाहिलं आणि म्हणाल्या, वाचलं. झ्याक लिव्हलंय. अक्षर सुबक हाय.

प्रतिभा हरखली. मंडळाच्या बैठकीत तिनं सांगितलं, आमच्या आत्याबाईंनी एका बैठकीत पान वाचून काढलं, कुठंच अडल्या नाहीत. अध्यक्ष म्हणाले, बायडाबाईंना कळलं म्हणजे तालुक्याला कळलं. ते ऐकून बायडाबाई दोन दिवस पदर सावरत, मान ताठ करून वावरल्या.

त्यानंतर आठवड्यानं त्यांच्या बागेची छाटणी संपली.

छाटणी झाली की काडीच्या टोकाच्या डोळ्यांना, म्हणजे कोंब फुटतो त्या गाठींना, औषध लावावं लागतं, म्हणजे सगळे डोळे एका वेळी फुटतात. त्याला सगळे पेस्टच म्हणतात. औषध कुठलं का असेना, बोलायला पेस्ट; यंदा नवं, जहाल औषध आलं होतं, तेही पेस्टच. कुठली काडी झाली, कुठली राहिली ते कळावं म्हणून त्यात लाल रंग कालवतात. चार दिवस हे काम चाललं, की मजुरांचे हात कोपरापर्यंत लालभडक होतात. सुरगाण्याकडची सहादूची टोळी गेली नऊ वर्षं बायडाबाईंकडंच हे काम करत होती. सहादू चाळिशीतला, कमी बोलणारा. त्याच्या बायकोचं, कलाबाईचं बोट काडीवरून असं फिरायचं की एक डोळा सुटायचा नाही. ही टोळी दुसऱ्याच्या बागेत जायची नाही, याचं कारण बायडाबाई मोठ्यानं सांगायच्या: आमच्या घरचं छाटणीचं जेवण. शेवटची ओळ झाली की त्याच दुपारी बांधावर मटण, बाजरीच्या भाकरी, आणि गड्यांसाठी बाटली. बाटली म्हणजे दुकानातली, सीलबंद. हलकं काही बायडाबाईंच्या बांधावर येणार नाही.

त्या दिवशी मुलगा समाधान सकाळीच शेवटचे डबे निळ्या पिंपात रिकामे करून जीप घेऊन नाशिकला गेला होता. रिकामे डबे घराजवळ नकोत म्हणून तेही जीपमध्ये टाकून घेऊन गेला. तीनच्या सुमाराला काम संपलं. प्रतिभा घरी भाकरी थापत होती. बायडाबाईंनी बांधावर चटया टाकल्या, पातेलं आणवलं आणि बाटली स्वतःच्या हातानं फोडली.

सहादू नको म्हणाला. आजी, आज नको, डोकं जड हाय. कलाबाईनंही मान हलवली. बायडाबाईंना ते लागलं. नऊ वर्षांत पहिल्यांदा कुणी त्यांच्या हातचं परत केलं होतं, तेही सगळ्या टोळीसमोर. त्या म्हणाल्या, मोठ्या बागायतदाराकडं गेला असशील औंदा, तिथली चव लागली असेल. टोळी हसली. सहादूही ओशाळं हसला आणि त्यानं पेला घेतला. एक झाला. बायडाबाईंनी दुसरा भरला. पुंजाराम म्हणून टोळीतला एक जण होता, त्यानं अर्धा घेतला. बाकीचे मटणाची वाट बघत होते.

दुसरा पेला निम्मा झाला आणि सहादूनं तो खाली ठेवला. त्याचा चेहरा लाल झाला होता. कुणी म्हणालं, उन्हानं. कुणी म्हणालं, हात तोंडाला लावलेत, रंग लागला. कलाबाईनं पाण्यात पदराचं टोक भिजवलं आणि त्याचे हात पुसले; लाल पाणी टपटप खाली पडलं, तळवा दिसायला लागला. मग पदराची कोरी बाजू घेऊन तिनं त्याची मान पुसली.

मानेचा लाल निघेना.

तिनं पुन्हा पुसलं, घासून पुसलं. पदराची ती बाजू कोरीच राहिली. सहादूच्या छातीवरही तो रंग उतरत होता, शर्टाच्या आत, जिथं काम करताना हात पोचलाच नव्हता. तो छातीवर मूठ दाबून म्हणाला, आत कुणी तरी मुसळ घालतंय. आणि तो बसल्या जागी आडवा झाला. श्वास असा घेत होता, जसा कुणी पोत्यात तोंड घालून घेईल.

बायडाबाई बांधावरून घराकडं पळाल्या. साठीतली बाई, चप्पल मागं राहिली. पळताना मनात एकच: दारू खरी होती ना? सील होतं ना? मी स्वतः फोडली. प्रतिभा दारात आली, हाताला पीठ. बायडाबाईंनी सांगितलं तसं तिनं एकच विचारलं, त्यांनी काय खाल्लं? खाल्लं नाय, बायडाबाई म्हणाल्या, पेला घेतला दीड. मी दिला.

प्रतिभाचा चेहरा पिठासारखा झाला.

"आत्याबाई, पेस्टचं काम करणाऱ्यानं दारू घ्यायची नसते. आधी नाही, नंतरही काही दिवस नाही. पानावर लिहिलंय ते. तुम्ही वाचलं होतं ना?"

बायडाबाई चौकटीला धरून उभ्या राहिल्या. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना आपल्या पायाखाली जमीन आहे की नाही, ते बघावंसं वाटलं.

प्रतिभानं फोन उचलून हमरस्त्यावरच्या दवाखान्याचा नंबर फिरवला. तोवर लताबाईचा नवरा पिकअप बाहेर काढत होता. त्यात क्रेट भरलेले, ते खाली टाकायला वेळ लागत होता. फोनवरचा डॉक्टर नवा होता, विदर्भातून आलेला. तो विचारत होता, पेस्ट म्हणजे नेमकं काय? औषधाचं नाव सांगा, डब्यावरचं बघून सांगा. डबे समाधानबरोबर गेलेले. प्रतिभानं स्वतः ते नाव पानावर लिहिलं होतं, अक्षर अन् अक्षर. आता ते जिभेवर येईना. अर्धं येई, मग निसटे. एक मिनिट, ती म्हणाली, आणि फोन कानाला धरूनच तिनं कॉम्प्युटरचं बटण दाबलं.

कॉम्प्युटर चालू व्हायला तीन मिनिटं लागली. बायडाबाई मागं उभ्या होत्या. पंख्याची घरघर झाली, निळं चित्र आलं, मग कसलंसं संगीत वाजलं. त्या संगीताचा बायडाबाईंना इतका संताप आला की हातात लोटा असता तर त्यांनी काचेवर मारला असता. बांधावरून कलाबाईची हाक आली. हाकेत शब्द नव्हता.

पान कॉम्प्युटरमध्येच साठवलेलं होतं, ते उघडलं. घड झुलायला लागले. एक घड आला, दुसरा आला, तिसरा आला. सुस्वागतम् उजवीकडून निघालं. प्रतिभा खाली सरकत होती. छाटणीचं महत्त्व. मंडळाचा परिचय. अध्यक्षांचं मनोगत. औषधांची यादी आली, ती लांबच लांब, इंग्रजी नावांच्या क्रमानं, एकाच आकाराच्या अक्षरात. पेस्ट हा शब्द त्यात कुठंच नाही. ज्या नावानं सगळा तालुका ते औषध ओळखतो, ते नाव तिनं लिहिलंच नव्हतं. ती खाली गेली, पुन्हा वर आली, पुन्हा खाली गेली. घाईत पान हवं तिथं थांबत नव्हतं. फोनमधून डॉक्टर म्हणत होता, ताई, ऐकताय का? ताई?

बायडाबाईंनी तेव्हा ते पाहिलं. जिनं हे पान बनवलं, जिला एकूण एक अक्षर येतं, तिलाच ते सापडत नव्हतं. वाचता येऊनही माणूस असं आंधळं होतं, हे त्यांना माहीत नव्हतं.

"सापडलं," प्रतिभा म्हणाली. तळाच्या फिक्या पिवळ्या ओळींत ते होतं, सहाव्या सूचनेत, दारू घेऊ नये त्याच्याच शेजारी. तिनं नाव वाचलं, डॉक्टरनं पुन्हा वदवून घेतलं. मग म्हणाला, आडवंच ठेवा, पाय उंच करा, पोटात काही घालू नका, लिंबू नको, ओकारी काढू नका, आणि ताबडतोब आणा.

बांधावर कुणी तरी लिंबू चिरलंच होतं. बायडाबाईंनी ते हिसकावून शेजारच्या उसात फेकलं.

पिकअपमध्ये प्रतिभा पुढं बसली, मागं सहादूला निजवलं. पाय क्रेटवर, डोकं बायडाबाईंच्या मांडीवर. पुंजारामही बसला, त्याचे फक्त कान लाल झाले होते, पण तो स्वतःच्या छातीवरचा हात काढत नव्हता. कलाबाई नवऱ्याचे पाय धरून बसली आणि सगळ्या रस्त्यात एकदाही बायडाबाईंकडं बघितलं नाही. ते न बघणं बायडाबाईंना शिवीपेक्षा जड गेलं. महामार्गावर कांद्याच्या ट्रॅक्टरांची रांग लागलेली होती. पिकअप बाजूच्या मातीतून गेली. सहादूच्या गळ्यातली शीर उडताना त्यांना दिसत होती. त्या ती मोजायला गेल्या आणि मोजता येईना इतकी ती वेगानं उडत होती. मग एका वळणावर ती दिसेनाशी झाली. बायडाबाईंनी वाकून त्याच्या नाकाशी गाल नेला. नऊ वर्षांत त्यांनी या माणसाला पाणीसुद्धा वरूनच ओतलं होतं. गालाला वाफ लागली. त्या तशाच वाकून राहिल्या, दवाखाना येईस्तोवर.

दोघांना आत नेलं. दार लागलं. बाकावर तिघी बसल्या: कलाबाई एका टोकाला, बायडाबाई दुसऱ्या, मधे प्रतिभा. तासभर कुणी बाहेर आलं नाही. एकदा नर्स पळत गेली आणि पळतच सलाइनची बाटली घेऊन परत आली. बायडाबाईंनी काहीच मागितलं नाही, नवस बोलल्या नाहीत. त्यांना एवढंच दिसत होतं: ओशाळं हसून पेला घेणारा हात. तो हात घ्यायला तयार नव्हता. आपण घ्यायला लावला.

सहाच्या सुमाराला डॉक्टर बाहेर आला. दुसरा ठीक आहे, म्हणाला, सहादूचा रक्तदाब वर येतोय. अजून धोका टळला म्हणणार नाही, रात्रभर ठेवू, पण वेळेत आणलंत. दुसरा पेला पूर्ण झाला असता, तर मी तुमच्याशी असं उभं राहून बोललो नसतो. कलाबाईनं भिंतीला डोकं टेकलं. मग डॉक्टरनं चष्मा काढला आणि विचारलं, या औषधाचं काम चालू असताना दारू दिली कुणी? माहीत नव्हतं का?

बायडाबाईंनी तोंड उघडलं. तेवढ्यात प्रतिभा उठून उभी राहिली. म्हणाली, चूक माझी आहे डॉक्टर, मला माहीत होतं आणि मी घरात कुणाला सांगितलं नाही. आत्याबाईंना काहीच कल्पना नव्हती.

डॉक्टरनं तिच्याकडं असं बघितलं, की बघणाऱ्याला लाज वाटावी. कलाबाईनं पहिल्यांदाच मान वळवली आणि तीही प्रतिभाकडं बघायला लागली. सून खाली मान घालून उभी होती. आता गप्प बसलं, की झालं. घरात, मंडळात, सुरगाण्यात, सगळीकडं हेच जाईल: शिकलेल्या सुनेनं सांगितलं नाही. तीस वर्षांची मान ताठच राहील. बायडाबाईंना ते सगळं एका क्षणात दिसलं, आणि सहादू मरता मरता वाचला त्यापेक्षाही या सोप्या वाटेची त्यांना जास्त भीती वाटली.

त्या उठल्या. पायात चप्पल नव्हती, लुगड्यावर लाल डाग. आधी कलाबाईपुढं जाऊन उभ्या राहिल्या आणि डॉक्टरला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, पेला मी दिला, तो नको म्हणत असताना दिला. मग सुनेकडं वळल्या.

"मान वर कर. माझ्यासाठी खोटं बोलायला तुला मी सांगितलं नव्हतं. तू सांगितलं होतंस. मला वाचता येत नाय, हे मी सांगितलं नाय. दुसरीत शाळा सुटली माझी, पेपर मी नुस्ता धरते. हे झालं माझं. आता तुझं ऐक. ज्यानं माणूस मरतं, ते तू पार तळाला लिव्हलंस, फिक्क्या रंगात, आन् वर घड टांगलेस. भ्यालेल्या माणसाला घड बघायचे नसतात. तुझं तुला सापडलं नाय आज. लय हुशार हायेस तू, पण ते पान तू अध्यक्षासाठी केलंस, सहादूसाठी नाय केलंस. उद्या घरी गेल्यावर ते घड काढ. पयल्या ओळीला लिव्ह, पेस्टच्या कामात दारू घेतली तर माणूस मरतो. पेस्टच लिव्ह, आन् अक्षर तळहाताएवढं पायजे. मग मला बसव खुर्चीत. मी लावत लावत वाचीन, दुपार गेली तरी चालंल. आन् कळलं का म्हणून इचारू नको मला. काय कळलं ते माझ्या तोंडून वदवून घे, आन् मी नुस्तं हो म्हणले, तर पान पुन्ना लिव्ह."